सिसिंगहर्स्टला जायचंय? मग आधी तारीख ठरवा

ज्यांचे आई-बाबा उन्हाळ्यात लंडनला येणारेत आणि त्यांना केंटमधल्या सिसिंगहर्स्टच्या बागेत न्यायचा विचार आहे, त्यांनी तिकीट, ट्रेन, डबा सगळं बाजूला ठेवून आधी तारीख ठरवा, कारण बाकी सगळं तिच्यावरच आहे. गुलाबाची बाग बघायची असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा. आणि व्हाइट गार्डनच्या (बागेतला फक्त पांढरी फुलं आणि राखाडी पानांचा भाग) मधोमध मांडवावर चढलेला तो पांढरा वेलगुलाब, रोझा मुलिगनाय, त्याच्यासाठी जुलैचा पहिला आठवडा धरा, तो वर्षातून एकदाच फुलतो आणि दोनेक आठवड्यांत संपतो. मागच्या वर्षी मी आईला ऑगस्टच्या मध्यावर नेलं, ती मांडवाखाली उभी राहून वर बघत "हाच का गं तो?" म्हणाली आणि वर नुसती हिरवी पानं. फार वाईट वाटलं मला. यंदा जुलैत परत नेलं तेव्हा बारीक बारीक फुलांचे घोसच्या घोस लटकत होते, खाली फरशीवर पाकळ्यांचा सडा, आई ओंजळीत पाकळ्या घेऊन वास घेत किती तरी वेळ तिथेच.

तारीख ठरली की तिकीट. बाग १९६७ पासून नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं-बागा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, त्यांच्या साइटवर त्या दिवशीच्या वेळा बघून घ्या, आणि आई-बाबांना ट्रस्टच्याच अजून दोन-तीन जागा दाखवायच्या असतील तर मेंबरशिपचा हिशोब आधी करा. ट्रेन चेअरिंग क्रॉस किंवा लंडन ब्रिजहून स्टेपलहर्स्टपर्यंत, साधारण तासाभराची, पुढे पाचेक मैलांसाठी टॅक्सी लागते, ती जातानाची आणि येतानाची दोन्ही आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवा, स्टेशनवर उतरून मिळेल या भरवशावर वयस्कर माणसांना नेऊ नका.

ट्रेनमधला तासभर गोष्ट सांगायला ठेवा, ही तयारी मला डब्याइतकीच महत्त्वाची वाटते. जागेचं पूर्ण नाव सिसिंगहर्स्ट कॅसल, आणि कॅसल म्हटलं की बाबांच्या डोळ्यासमोर बुरूज-तटबंदी येते, त्यांना आधीच सांगा की हा किल्ला नाहीये, अठराव्या शतकात सात वर्षांच्या युद्धातले फ्रेंच कैदी इथे ठेवले होते आणि ते या वाड्याला शॅटो (कॅसलसाठीचा फ्रेंच शब्द) म्हणायचे, त्यावरून कॅसल नाव पडलं. आईला ही बाग उभी करणाऱ्या लेखिकेची, व्हिटा सॅकव्हिल-वेस्टची गोष्ट सांगा. ती नोल नावाच्या अवाढव्य घरात जन्मली, वाढली, पण मुलगी म्हणून ते घर तिला मिळालं नाही, आणि १९३० साली तिने नि नवऱ्याने, हॅरॉल्ड निकोल्सनने, ही पडझड झालेली जागा घेतली. वाटा, कुंपणं, सरळ रेषा त्याने आखल्या आणि त्या चौकटींत झाडं तिने भरली. हे माहीत असलं ना की बाग वेगळीच दिसते.

बुटांचं बघा. वाटा विटांच्या आणि दगडी फरशीच्या आहेत, अरुंद आहेत, साडी असली तरी खाली स्पोर्ट्स शूजच हवेत. बागेतल्या जुन्या टॉवरला ७८ पायऱ्या आहेत, गोल जिना, गुडघे दुखत असतील तर आग्रह करू नका, पण ज्यांना जमतं त्यांनी पोचल्या पोचल्या, दमायच्या आत चढून यावं, वाटेत व्हिटाची लिहायची खोली दिसते आणि वरून बाग घराच्या खोल्यांसारखी कशी पाडलीये ते एका नजरेत कळतं.

बॅगेत घडीची छत्री, पातळ स्वेटर (जुलै असला तरी), पाणी, आणि परागकणांनी शिंका येत असतील तर नेहमीची गोळी सकाळीच घेऊन निघा. डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी, पण तो आत जायच्या आधीच उरकून घ्या म्हणजे आत गेल्यावर भुकेची घाई नको.

आणि व्हाइट गार्डन शेवटी ठेवा. भर दुपारी पांढरी फुलं उन्हात डोळ्यांवर येतात, ऊन कलल्यावर तीच फुलं आणि ती राखाडी पानं इतकी शांत दिसतात, म्हणून परतीची टॅक्सी बाग बंद व्हायच्या वेळेचीच सांगा, त्याआधीची नको.