पॅकेट हेडरच्या पेटंट अर्जातले संदिग्ध क्लेम कसे दुरुस्त करावेत

‘पॅकेट स्वीकारणे, हेडरमधील माहितीच्या आधारे हेडर बदलणे आणि सदर पॅकेट पुढे पाठवणे.’

असा क्लेम, म्हणजे पेटंट अर्जात नेमका कशावर हक्क मागितलाय ते सांगणारं वाक्य, लिहिणाऱ्याला स्वच्छ वाटतो, कारण त्याच्या डोळ्यांपुढे पॅकेटचं, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचं, आणि त्याच्या सुरुवातीला पत्ता वगैरे सांगणाऱ्या हेडरचं चित्र असतं. पेटंट कार्यालयातल्या परीक्षकापुढे फक्त शब्द असतात. भारतीय पेटंट कायदा, १९७० चं कलम १०(५) क्लेम स्पष्ट, संक्षिप्त आणि स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या तपशीलवार वर्णनात) उघड केलेल्या गोष्टींवर रास्तपणे आधारलेले असावेत असं सांगतं. युरोपीय पेटंट कराराच्या कलम ८४ मध्येही स्पष्टतेची अट आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नॉटिलस विरुद्ध बायोसिग खटल्यात कसोटी घालून दिली ती अशी: त्या क्षेत्रातल्या जाणकाराला क्लेमची व्याप्ती वाजवी खात्रीने कळली पाहिजे.

आधी एक फरक पक्का करा. व्यापक क्लेम आणि संदिग्ध क्लेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘कोणतंही आयपी हेडर’ हे व्यापक आहे, पण त्यात काय बसतं ते कळतं. ‘हेडर’ हा शब्द एकाच वाक्यात दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी तेच हेडर की वेगळं हे कळत नाही, तेव्हा ते संदिग्ध. घाबरून व्यापकता कापत सुटू नका. संदिग्धता तेवढी काढा.

दुरुस्तीची सुरुवात कागदावर पॅकेट काढून करा. व्हीएक्सलॅन बोगद्यातून (एक अख्खं पॅकेट दुसऱ्याच्या पोटात घालून पाठवण्याची पद्धत) जाणारं टीसीपी पॅकेट घ्या: बाहेरचं इथरनेट, बाहेरचं आयपी, यूडीपी, व्हीएक्सलॅन, मग आतलं इथरनेट, आतलं आयपी आणि टीसीपी. एका पॅकेटमध्ये सात हेडर झाले. वरच्या क्लेममधलं ‘हेडर’ यातलं कोणतं? उपकरणात येताना, उपकरणात आणि बाहेर पडताना अशी तीन चित्रं काढा. प्रत्येक हेडरला नाव द्या आणि ते नाव क्लेमच्या शेवटापर्यंत बदलू नका. एकदा ‘बाह्य हेडर’, पुढे ‘टनेल हेडर’, नंतर ‘एन्कॅप्सुलेशन हेडर’ असं केलंत, तर तिन्ही वेगळे आहेत असा अर्थ निघतो.

मग प्रत्येक नाम पहिल्यांदा कुठे येतं त्यावर खूण करा. ‘सदर फील्ड’ लिहिलंय, पण आधी फील्डचा (हेडरमधल्या ठरावीक रकान्याचा) उल्लेखच नाही, ही सगळ्यात नेहमीची चूक. मराठीत विचार करून इंग्रजीत क्लेम लिहिताना ती हटकून होते, कारण आपल्या भाषेत ‘a’, ‘the’ सारखी उपपदं नाहीत. नवं हेडर की आधीचं, हे आपण संदर्भावर सोडतो. क्लेममध्ये तशी सोय नाही. दुसरी चूक याच्या उलट: आधी दोन हेडर सांगायचे आणि पुढे नुसतं ‘सदर हेडर’ म्हणायचं.

वरचा क्लेम असा बांधता येईल:

‘नेटवर्क उपकरणाने बाह्य आयपी हेडर व आंतर आयपी हेडर असलेले पॅकेट स्वीकारणे, आंतर आयपी हेडरच्या डीएससीपी फील्डमधील पहिले मूल्य वाचणे, उपकरणात साठवलेल्या तक्त्यातील एखादी नोंद पहिल्या मूल्याशी जुळल्यास त्या नोंदीतील दुसरे मूल्य बाह्य आयपी हेडरच्या डीएससीपी फील्डमध्ये लिहून बदललेले पॅकेट तयार करणे, आणि नेटवर्क उपकरणाने बदललेले पॅकेट पाठवणे.’

डीएससीपी म्हणजे पॅकेटला कोणत्या दर्जाची वागणूक द्यायची ते सांगणारं फील्ड. यात नावीन्य आहे असा दावा नाही, उदाहरण फक्त शब्दरचनेचं. कोण करतं, कुठलं वाचतं, कुठे लिहितं, कोणती अट, हे सगळं जागेवर आहे. ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ ही इथे नावं आहेत, क्रम नाही. ‘पहिले पॅकेट’ म्हणताना प्रवाहातलं सर्वांत आधी आलेलं पॅकेट अभिप्रेत असेल, तर तसं सरळ लिहा.

आकड्यांच्या चुका वेगळ्या तपासा, कारण त्या भाषेच्या जाणकाराच्या नजरेतून निसटतात. ‘आयपीव्ही४ हेडरच्या लांबी-फील्डमधील मूल्य २० पेक्षा जास्त असल्यास’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण ते फील्ड चार बिटांचं असतं. त्यात १५ च्या वर काही मावत नाही. ते ३२ बिटांच्या शब्दांत मोजतं, म्हणून २० बाइटच्या हेडरसाठी मूल्य ५ असतं. लिहिणाऱ्याला ‘हेडरची लांबी २० बाइटपेक्षा जास्त’ म्हणायचं होतं. फील्डमधलं मूल्य आणि त्याचा अर्थ हे नेहमी वेगळं लिहा. फ्रॅगमेंट ऑफसेटचंही (तुकडे केलेल्या पॅकेटमधली तुकड्याची जागा) तसंच, तो आठ बाइटच्या पटीत मोजला जातो. ‘बिट ०’ लिहिलं तर तो कोणत्या टोकाचा तेही सांगा. आरएफसी ७९१ (आयपीव्ही४ चं मानक) च्या आकृत्यांत ० हा सर्वांत मोठ्या किमतीचा बिट आहे, तर प्रोग्रॅमर बहुधा उलट मोजतात.

‘केवळ’ या शब्दाला फार जपा. ‘राउटर हेडरमधील केवळ टीटीएल फील्ड बदलतो’ असं लिहिलं, तर आयपीव्ही४ चं नेहमीचं फॉरवर्डिंग क्लेमच्या बाहेर पडतं, कारण टीटीएल (पॅकेटला अजून किती टप्पे पार करता येतील तो आकडा) घटला की हेडर चेकसमही (हेडर बिघडलं नाही ना ते तपासायची बेरीज) बदलावा लागतो. आयपीव्ही६ च्या मूळ हेडरमध्ये चेकसम नाही, तिथे टीटीएलच्या जागी ‘हॉप लिमिट’ हे नाव घातलं तर वाक्य टिकतं. एका शब्दाने अर्ध्या जगावरचा हक्क गेला.

‘लहान हेडर’, ‘जलद प्रक्रिया’, ‘न वापरलेलं फील्ड’ या शब्दांना मोजमाप द्या. शेवटचा शब्द विशेष फसवा, कारण वापर काळानुसार बदलतो: १९८१ च्या आरएफसी ७९१ मधलं सेवा-प्रकाराचं फील्ड १९९८ च्या आरएफसी २४७४ ने नव्याने ठरवलं. म्हणून मानकाचा क्रमांक आणि साल स्पेसिफिकेशनमध्ये द्या, आणि क्लेममध्ये फील्डची जागा व रुंदी सांगा.

आक्षेप आल्यावर हे करायची वेळ आली असेल, तर प्रत्येक नव्या शब्दासमोर मूळ स्पेसिफिकेशनमधला परिच्छेद क्रमांक लिहा. परिच्छेद सापडला नाही तर तो शब्द घालू नका. दाखल केलेल्या मजकुराबाहेरची भर दुरुस्तीत चालत नाही, भारतात कलम ५९ त्याला अटकाव करतं. ‘बाह्य’ आणि ‘आंतर’ हे शब्द वर्णनात नसतील पण आकृतीत दोन हेडर एकात एक दिसत असतील, तर त्या आकृतीचा क्रमांक आधार म्हणून उत्तरात नेमका द्या.

पाठवण्याआधी क्लेम एका नेटवर्क अभियंत्याला द्या, वर्णन आणि आकृत्या काढून घेऊन. त्याला दोन पॅकेट बाइटवार लिहायला सांगा, एक क्लेममध्ये बसणारं आणि एक जेमतेम बाहेर राहणारं. तो जिथे ‘इथे कुठलं हेडर?’ असं विचारेल, तिथेच पेन चालवा.