सेमिनरीआधी एक माणूस शोधा

चर्चच्या तरुण संघातली मुलं विचारतात, "सेमिनरीला (पाळक घडवणाऱ्या कॉलेजला) जायचंय, तयारी काय करू?" त्यांच्या डोक्यात इंग्रजी, ग्रीक आणि प्रवेश परीक्षा असते. ते सगळं जमून जातं. बीडीची (ईश्वरविद्येच्या पदवीची) चार-पाच वर्षं, ती पदवी देणाऱ्या सेरामपूर सिनेटचे पेपर (हे बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, घरचे हमखास गोंधळतात), सुट्टीत एखाद्या चर्चच्या मंडळीतलं काम, पुढे पाळकपदाची दीक्षा. या वाटेवर कोणी ना कोणी सांगणारं भेटतंच. माझा प्रश्न वेगळा असतो: दीक्षेनंतर वीस वर्षांनीही ज्यांना निःसंकोच फोन करता येईल, असं कोण आहे तुमच्याकडे?

मला असे एक निवृत्त पाळकसाहेब लाभले. त्यांनी कधी मला समोर बसवून 'नेतृत्व' शिकवलं नाही. "चल, जरा जाऊन येऊ" म्हणायचे आणि स्कूटरवर मागे बसवायचे. कुणाकडे माती असली की उपासनेच्या बरंच आधी त्या घरी पोचायचे. आधी बाहेर बसलेल्या पुरुषांत बसायचे, मग आत जाऊन बायकांना विचारायचे, "आजीला घरात काय म्हणून हाक मारायचे?" दफनविधीत रजिस्टरमधल्या नावासोबत ते हाकेचं नावही यायचं. परतताना मला एवढंच विचारायचे, "तिथे कोण बोललं नाही, पाहिलंस का?" आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्या न बोललेल्या माणसाकडे जायचो.

त्यांच्या बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने वारांप्रमाणे नावं लिहिलेली होती. माझं गुरुवारी. माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली, तरी गुरुवारी त्यांचा फोन यायचा. बहुतेक वेळा तब्येत आणि पाऊसपाणी, दोन मिनिटांत संपणारा. माझ्या मंडळीच्या कमिटीत भांडण पेटलं, तेव्हा मात्र तो तासभर चालला.

शास्त्रात शोधाल तर पौल आणि त्याचा तरुण सोबती तीमथ्य यांचं उदाहरण सगळेच सांगतात. मला बर्णबा जास्त जवळचा. यरुशलेमातले शिष्य शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, घाबरत होते, तेव्हा त्याला जवळ घेऊन प्रेषितांकडे नेणारा हाच. पुढे त्यांच्या सोबतचा मार्क सेवेच्या प्रवासातून अर्ध्यातच परत गेला म्हणून पौलाने त्याला सोबत घ्यायचं नाकारलं, तेव्हा बर्णबाने पौलाशी वाद घातला आणि मार्काला घेऊन कुप्राला गेला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलच म्हणतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय घडलं ते लिहिलेलं नाही, पण मार्काच्या बाजूने कुणीतरी उभं राहिलं होतं हे नक्की.

आपल्याकडे कवी ना. वा. टिळकांचं नगरचं घर पाहा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाचं घर येणाऱ्याजाणाऱ्यांनी भरलेलं असे. बालकवी ठोंबरे काही काळ तिथेच राहिले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही बसत. अर्थात घर भरलेलं ठेवायचा भार कुणावर पडत होता, हेही लक्षात घ्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगू नये.

आता एक कडक सूचना. ज्यांच्या हातात तुमची बदली किंवा शिफारस आहे, त्यांना मनातलं सगळं सांगायला जाऊ नका. ते वाईट असतात म्हणून नव्हे. पण चर्चच्या निवडणुका आल्या की डायोसिसमध्ये (बिशपच्या धर्मप्रांतात) 'हा अमक्यांचा माणूस' असा शिक्का बसतो आणि नातं गटात बदलतं. त्यापेक्षा निवृत्त पाळक, मिशन शाळेतल्या जुन्या बाई, महिला मंडळाच्या एखाद्या मावशी बऱ्या. मुलींनी तर एखादी वडीलधारी बाई शोधावीच. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) स्त्रियांनाही दीक्षा मिळते, पण कमिटीच्या बैठकीत एकटं बसणं कसं असतं हे तीच सांगू शकेल. असं जे माणूस निवडाल, त्यांच्याकडून पैसे उसने घेऊ नका, त्यांच्या घरचं आजारपण चुकवू नका.

आणि स्वतः कुणाला तरी सोबत घ्यायला पाळक होईपर्यंत थांबू नका. संडेस्कूलमध्ये शिकवत असाल तर पुढच्या घरभेटीला नववी-दहावीतलं एखादं पोरगं बरोबर न्या. आधी त्याच्या आईवडिलांना विचारा, कुठे जाणार आणि कधी परत येणार ते सांगा. घरी प्रार्थना करायला त्याला लगेच पुढे ढकलू नका. पहिल्या खेपेला तो नुसता बसला, चहा प्यायला, तरी पुरे.