युरोपात राहून रिमोट काम: परवडणारं शहर भाडेकरारावरून कसं निवडायचं

‘युरोपातली दहा सर्वांत स्वस्त शहरं’ छापाच्या याद्या आधी बाजूला ठेवा. त्यात कॉफी कितीला, बसचा पास कितीला, बिअर कितीला एवढंच असतं. कॉफी दीड युरोला मिळो की तीन युरोला, वर्षाच्या हिशेबात तो फरक कुठे दिसतही नाही. खर्च ठरतो घरभाड्यावर, आणि राहता येईल की नाही हे ठरतं कागदांवर. या दोन्ही गोष्टी यादी करणाऱ्यांनी सहसा तपासलेल्या नसतात.

पुढचं सगळं भारतीय पासपोर्ट असलेल्या आणि युरोपाबाहेरून पगार किंवा फ्रीलान्सचे पैसे मिळणाऱ्या माणसासाठी आहे. निदान वर्षभर राहायचं आहे, कंपनीची लेखी परवानगी हातात आहे आणि थोडी गंगाजळी बाजूला ठेवलेली आहे, असं मी धरून चालते. ज्या गोवेकरांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांनी पहिली पायरी सोडून द्यावी. त्यांना पोर्तुगालच नाही, तर हंगेरीपासून ग्रीसपर्यंत कुठेही राहण्याचा हक्क आहे.

पहिली पायरी: आधी देश, मग शहर

शेंगेनचा (म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) टुरिस्ट व्हिसा म्हणजे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तो काम करण्यासाठी नसतो. ‘लॅपटॉप उघडला तर कोणाला कळतंय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यातला कोणी तुमच्याबरोबर इमिग्रेशनच्या खिडकीसमोर उभा राहणार नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन येण्याजाण्याची नोंद संगणकात करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. त्यामुळे शिक्क्यांच्या गर्दीत दिवस लपवण्याचे दिवस संपले. जुन्या लेखांतली आणखी एक युक्ती मेली आहे: ९० दिवस झाले की क्रोएशिया, रोमानिया किंवा बल्गेरियात जाऊन बसायचं. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले.

म्हणजे रिमोट कामाचा व्हिसा काढायचा. तो कुठे मिळतो यापेक्षा उत्पन्नाची अट काय आहे ते आधी बघा. पोर्तुगालला किमान वेतनाच्या चौपट लागतं, म्हणजे २०२६ च्या ९२० युरो वेतनावर महिना ३,६८० युरो. स्पेनला किमान वेतनाच्या दुप्पट, २०२५ च्या आकड्याने साधारण २,७६० युरो. ग्रीसला ३,५००, हंगेरीच्या व्हाइट कार्डला (तिथला रिमोट कामाचा परवाना) ३,०००, एस्टोनियाला ४,५००. रोमानिया सरासरी पगाराच्या तिप्पट मागतो. इथेच यादीवाल्यांची फसगत होते. टिमिशोआरा किंवा याश स्वस्त शहरं आहेत यात वाद नाही, पण तिथे शिरण्याची अट स्पेनपेक्षा बरीच वर आहे. युरो १०० रुपयांचा धरला तरी २,७६० युरो म्हणजे पावणेतीन लाख. एवढं उत्पन्न नियमित नसेल तर शहरांची चर्चा करण्यात अर्थ नाही. हे आकडे बहुतेक देशांत दरवर्षी बदलतात, म्हणून अर्जाच्या महिन्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा बघा.

नवरा-बायको दोघं जाणार असाल तर हंगेरी खोडून टाका. व्हाइट कार्डवर कुटुंब नेता येत नाही. फ्रीलान्सर असाल आणि थोडे ग्राहक स्पेनमधलेच मिळतील अशी आशा असेल, तर तिथून येणारं उत्पन्न एकूण कमाईच्या २० टक्क्यांपुढे चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसरी पायरी: घड्याळ

भारतातल्या ऑफिससाठी काम करणाऱ्यांनी हे शहराच्या सौंदर्याआधी बघावं. हिवाळ्यात पोर्तुगाल आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो, स्पेन आणि हंगेरी साडेचार, ग्रीस आणि रोमानिया साडेतीन. उन्हाळ्यात प्रत्येकी एक तास कमी होतो. पुण्यातली सकाळी दहाची मीटिंग जानेवारीत कोइम्ब्रात पहाटे साडेचारला असते आणि थेसालोनिकीत साडेसहाला. ग्राहक अमेरिकेतले असतील तर गणित उलटं होतं आणि पोर्तुगाल सोयीचा पडतो.

तिसरी पायरी: घर

याच पायरीवर मी सगळ्यांत जास्त अडकले होते. आजही कोणी विचारलं की बाकी सगळं सोडून मी याबद्दलच बोलते.

पहिला प्रश्न: खरं भाडं किती? खर्चाची तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवरचे आकडे वापरू नका. ते लोकांनी आपापल्या अंदाजाने भरलेले असतात, आणि त्यात दहा वर्षं त्याच घरात राहणाऱ्या भाडेकरूचं जुनं भाडंही मिसळलेलं असतं. तुम्हाला नवीन माणसाचं, आजचं, सामानासकट घराचं भाडं हवं आहे. ते त्या देशातले लोक जिथे घर शोधतात तिथेच दिसतं: स्पेन-पोर्तुगालला इदेआलिस्ता, ग्रीसला स्पितोगातोस, हंगेरीला इन्गातलान, क्रोएशियाला न्युश्कालो. इंग्रजीतून शोधू नका. ब्राउझरला भाषांतर करू द्या आणि स्थानिक भाषेतल्या जाहिराती वाचा. इंग्रजीत लिहिलेली जाहिरात परदेशी गिऱ्हाइकासाठी असते, आणि भाडंही त्याच हिशेबाने लावलेलं असतं. एक बेडरूम, फर्निचरसह, बारा महिने असं गाळून घ्या. सगळ्यांत स्वस्त पाव भाग सरळ काढून टाका, कारण त्यात फसवणूक किंवा गावाबाहेरची घरं जास्त असतात. उरलेल्यांतला मधला आकडा तुमचा. त्यावर वीज, गॅस, पाणी आणि इमारतीचा खर्च चढवा. हंगेरीत ‘रेझी’ म्हणजे हा सगळा खर्च भाड्यात धरलेला नसतो आणि जाहिरातीत तो बारीक अक्षरात असतो. एकूण बेरीज उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या वर जात असेल तर ते शहर तुमच्यासाठी स्वस्त नाही, मग यादीत पहिलं असलं तरी.

असं एकदा केलंत की व्हॅलेन्सिया आणि लिस्बन आपोआप गळतात. दुसऱ्या फळीतली शहरं वर येतात: स्पेनमध्ये सारागोसा, मुर्सिया, ग्रानादा, पोर्तुगालमध्ये कोइम्ब्रा, विझेउ, कोविल्या, हंगेरीत पेच आणि सेगेद. माझा कौल सारागोसाला आहे. माद्रिद आणि बार्सिलोना दोन्ही वेगवान रेल्वेने साधारण दीड तासावर, आणि पर्यटक तिथे फारसे थांबत नाहीत. पर्यटक थांबत नाहीत हाच भाड्याच्या दृष्टीने मोठा गुण.

दुसरा प्रश्न: घर कोणत्या महिन्यात बघायचं? समुद्रकाठच्या गावात, उदाहरणार्थ स्प्लिटला, ऑक्टोबर ते मे असं घर आनंदाने देतात आणि जूनमध्ये बाहेर काढतात, कारण उन्हाळ्यात तेच घर पर्यटकांना दिवसाच्या भावाने जातं. विद्यापीठांच्या गावात, म्हणजे कोइम्ब्रा, ग्रानादा, थेसालोनिकी इथे, सप्टेंबरमध्ये विद्यार्थ्यांची झुंबड असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जा. तेव्हा घासाघीस करता येते आणि घराचा हिवाळा डोळ्यांनी दिसतो. पोर्तुगालमध्ये बर्फ पडत नाही म्हणून थंडी नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तिथल्या कितीतरी जुन्या घरांत हीटिंगच नसतं आणि भिंतींना बुरशी येते. कपाट उघडून मागच्या फळीचा वास घ्या, पलंग सरकवून भिंत बघा. युरोपीय संघात जाहिरातीत घराचा ऊर्जावर्ग, म्हणजे घर किती ऊर्जा खातं हे सांगणारं अक्षर, द्यावा लागतो. तो अगदी खालच्या अक्षरांपैकी असेल तर भाड्यात वाचलेले पैसे विजेच्या बिलात जातात.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड: करार कोणता मिळणार? महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला अकरा महिन्यांचा करार ओळखीचा वाटतो. स्पेनमध्येही घरमालक अकरा महिनेच म्हणतील, पण कारण वेगळं आहे. नेहमीच्या करारात भाडेकरूला पाच वर्षं राहण्याचा हक्क मिळतो (मालक कंपनी असेल तर सात), म्हणून ते ‘तेंपोरादा’ म्हणजे हंगामी करार पुढे करतात. कायद्याने नेहमीच्या करारावर एक महिन्याचं डिपॉझिट लागतं, हंगामीवर दोन. हंगामी करार घ्यायला हरकत नाही, पण त्या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवू द्याल ना, हे आधी मेसेजवर लेखी विचारा. ‘बघू’ असं उत्तर आलं तर पुढच्या घराकडे वळा. त्या नोंदीशिवाय तुमची पुढची बरीच कामं अडतात.

पोर्तुगालमध्ये प्रश्न उलटा असतो. तिथे व्हिसाच्या अर्जासोबतच राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो आणि दूतावासाला सहसा लांब मुदतीचा करार हवा असतो. घरमालक म्हणतो आधी व्हिसा दाखवा, दूतावास म्हणतो आधी घर दाखवा. त्यात पुष्कळ मालकांना करार कर खात्यात नोंदवायचाच नसतो. एका गावात सगळं ठरल्यावर सही करायच्या दिवशी मालक म्हणाला, नोंदणी नको, मी भाडं कमी करतो. मी उठून आले. नोंदणी नसलेला करार त्याच्या करासाठी सोयीचा आहे, तुमच्या व्हिसासाठी तो कागदाचा तुकडा आहे. भाडं कितीही उतरवलं तरी घेऊ नका.

यातून वाट अशी काढायची. पोर्तुगालचा कर क्रमांक प्रतिनिधीमार्फत भारतात बसूनच आधी काढा. मग टुरिस्ट व्हिसावर हिवाळ्यात दोन-तीन आठवडे सुट्टी घेऊन घरं बघायला जा. काम करायचं नाही, घरंच बघायची. करार व्हिसाच्या अपेक्षित तारखेनंतर सुरू होईल असा करा आणि त्यात एक कलम घाला: व्हिसा नाकारला गेला तर करार रद्द आणि डिपॉझिट परत. सगळे मालक ऐकत नाहीत, काही ऐकतात. सही करण्यापूर्वी स्थानिक वकिलाकडून करार वाचून घ्या. या सगळ्या खटाटोपात पैसे वाचवायची जागा वकिलाची फी नक्कीच नाही. स्पेन मला सोपा वाटतो तो यासाठीच. तिथे अर्जासाठी भाडेकरार लागत नाही, आणि कायदेशीरपणे देशात असताना अर्ज केला तर एकदम तीन वर्षांचा परवाना मिळतो. वकिलातीतून अर्ज केला तर वर्षाचा व्हिसा मिळतो.

स्थानिक जामीनदार नाही म्हणून मालक जास्त महिन्यांचे पैसे आगाऊ मागेल. कंपनीचं पत्र आणि बँकेचे सहा महिन्यांचे उतारे भाषांतर करून सोबत ठेवा. कायद्याने जेवढं डिपॉझिट घेता येतं त्यापलीकडे एक युरोही देऊ नका. पैसे देण्यापूर्वी घर कोणाच्या नावावर आहे ते तपासा. स्पेनमध्ये ‘नोता सिंप्ले’ हा मालकीचा उतारा मालमत्ता नोंदणी कार्यालयाकडून थोड्या युरोंत ऑनलाइन मिळतो, हंगेरीत ‘तुलायदोनी लाप’. आपल्याकडे इंडेक्स टू बघितल्याशिवाय फ्लॅटचा व्यवहार कोणी करत नाही, मग परदेशात व्हॉट्सअॅपवरचे फोटो बघून दोन महिन्यांचं भाडं पाठवायची घाई कशाला? मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, असं ऐकलं की संभाषण तिथेच थांबवा. पैसे बँकेतूनच द्यायचे, आणि करारावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात.

चौथी पायरी: कर

एखाद्या देशात वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तिथला कर लागू होतो, असं ढोबळमानाने धरा. पोर्तुगालची जुनी कर सवलत नव्या लोकांसाठी २०२३ अखेर बंद झाली, तरी अजून तिचे गोडवे गाणारे लेख फिरतात. क्रोएशिया मात्र रिमोट कामाच्या परवान्यावर असलेल्यांच्या परदेशी कमाईवर आयकर घेत नाही. भारत आणि तो देश दोन्हींचा कर समजणारा सीए जाण्यापूर्वी गाठा, परत आल्यावर नाही.

उरलेलं

इंटरनेट वरच्या सगळ्या शहरांत पुरेसं आहे. तरी घर बघताना फोनवर वेग तपासा. आरोग्य विमा व्हिसाच्या अटीत बसणारा घ्या, प्रवास विमा बहुतेक वेळा चालत नाही. तूरडाळ आणि पोहे यांच्यावरून शहर निवडू नका. लिस्बनच्या मार्तिम मोनिझसारखे भारतीय दुकानांचे भाग मोठ्या शहरांत असतात, लहान गावांत पार्सल येतं. कुकर मात्र इथूनच न्या. प्लग आपल्या बारीक दोन पिनांचे बहुतेक ठिकाणी बसतात. माल्टा, सायप्रस आणि आयर्लंडला ब्रिटिश तीन पिनांचे लागतात.