इबोलाची साथ आहे आणि आफ्रिकेला जायचंय? असं करा

तिकीट रद्द करण्याआधी नकाशा उघडा. २०१४ साली गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोला पसरला, तेव्हा कित्येकांनी केनियाची सफारी रद्द केली. लायबेरियातल्या मनरोव्हियापासून नैरोबी पाच हजार किलोमीटरच्याही पुढे. त्यापेक्षा आपली मुंबई नैरोबीला जवळ! तेव्हा देश कोणता, जिल्हा कोणता, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संकेतस्थळावर पाहा.

मग विषाणूचा प्रकार बघा. बरेच जण इथेच चुकतात. ‘एर्वेबो’ ही लस झैर प्रकारावर चालते. युगांडात २०२२ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये आला तो सुदान प्रकार. त्याच्यावर तेव्हा मान्यता मिळालेली लसच नव्हती. पिवळ्या तापाची लस टोचली की झालं, असं समजणारेही भेटतात. ते पिवळं कार्ड युगांडाला लागतंच, पण इबोलाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

तिथे पोचल्यावर भीती हवेची नको, स्पर्शाची हवी. आजाऱ्याचं रक्त, उलटी, जुलाब हाताला लागले आणि तोच हात डोळ्याला, तोंडाला किंवा जखमेला गेला की लागण होते. लक्षणं दिसण्याआधी रुग्णाकडून ती होत नाही. सगळ्यात जास्त धोका सेवा करणाऱ्यांना आणि मयताला आंघोळ घालणाऱ्यांना. ओळखीच्या घरी कुणी गेलं असेल तर जरूर भेटा, पण प्रेताला हात लावू नका. जिवावर येतं, तरीही नाही. माकडाचं, वटवाघळाचं मांस पानात आलं तर सरळ नको म्हणा.

हात धुण्यासाठी साबण-पाणी उत्तम. साथीच्या दिवसांत मनरोव्हियात दारोदारी तोटी बसवलेली बादली असे, आत क्लोरीनचं पाणी. हात धुतल्याशिवाय दुकानात शिरता येत नसे, आणि हस्तांदोलनाऐवजी लोक कोपराला कोपर टेकवत. हातासाठी ०.०५ टक्के क्लोरीन पुरतं, फरशीसाठीचं ०.५ टक्क्यांचं असतं, ते हातावर घेऊ नका.

परतल्यावर २१ दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि वहीत लिहा. पॅरासिटामॉल घेऊन मोजलेला ताप धरू नका. ताप चढला तर दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसू नका, आधी फोन करा. पहिलं वाक्य हेच: “मी अमुक तारखेला युगांडातल्या कंपालाहून आलोय.” जुलै २०१४ मध्ये लायबेरियाहून एक आजारी प्रवासी नायजेरियातल्या लागोसला उतरला. सुरुवातीला त्याला मलेरिया समजले. साखळी २० रुग्णांपर्यंत गेली, ८ दगावले. त्यांत त्याच्यावर उपचार करणारेही होते. तुमचाही बहुधा मलेरियाच निघेल. फक्त रक्त घेणाऱ्याला तुमचा प्रवास सुई टोचण्याआधी कळलेला असू द्या.