जुन्या मंडळीत संजीवनाचं काम हाती घेणाऱ्या नव्या पाळकांसाठी: रविवारच्या संदेशात भांडण शिरतं तेव्हा

जुन्या मिशनच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिली नेमणूक झालेले तरुण पाळक फोन करतात तेव्हा विचारतात की मंडळी जागी कशी करायची, उपवास प्रार्थना शुक्रवारी ठेवू की शनिवारी, वर्शिप टीमला ड्रमसेट घ्यायचा का. हे तुम्हाला जमेल. सेमिनरीत शिकवलेलं असतं, नसेल तर एखाद्या वर्षात अंगवळणी पडतं. मी लिहितोय ते पाळकाच्या स्वतःच्या जिवाबद्दल, म्हणजे मंडळीत नवजीवन, ज्याला आपण संजीवन म्हणतो, यावं म्हणून धडपडणारा माणूस आतून कोरडा कसा पडत जातो आणि त्याच्या ते लक्षात का येत नाही. मी यातून गेलोय. पूर्ण बाहेर आलोय असं अजूनही म्हणवत नाही, काही सोमवारी सकाळी उठावंसंच वाटत नाही.

जुनी मंडळी कशी असते ते माहितीये तुम्हाला. कुणाच्या आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी भिंतीवर, बाक घराण्याप्रमाणे वाटून घेतलेले, मंडळीचा कारभार बघणारे पंच म्हणून तीच तीन-चार घरं आलटून पालटून, मिशन कंपाऊंडच्या जागेची केस कोर्टात, दफनभूमीवरून वाद, आणि कमिटीच्या निवडणुकीच्या आधी महिनाभर उपासनेला अचानक गर्दी. त्यात तुम्ही जाता, घराघरात बायबल स्टडी सुरू करता, तरुण संघ उभा राहतो, चार घरं खरंच बदलतात, दारू सुटते, नवराबायको परत एकत्र येतात. हे डोळ्यांनी बघितलंय मी आणि त्याबद्दल आजही देवाचे आभार मानतो. पण नेमकं तेव्हाच विरोध सुरू होतो, कारण ज्यांची मंडळी होती त्यांना वाटायला लागतं की ती आपल्या हातातून चाललीये. एखादे पंच पगाराच्या चेकवर सही करायला महिना लावतात, कोणीतरी डायोसिसला, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाला, निनावी पत्र टाकतं, तुमच्या बायकोने कुठली साडी नेसली यावर महिला मंडळात चर्चा होते. हे होणारच आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही, बायबलमधल्या मोशेपासून चालत आलंय.

घाबरण्यासारखं आहे ते पुढचं, आणि हे नीट वाचा.

दुखावलेल्या पाळकाला रडायला जागा नसते. मंडळीत बोलावं तर ते पसरतं, घरी बोलावं तर बायको आधीच वैतागलेली, वर बोलावं तर तिथूनच बदली होते. मग सगळं साठत जातं. आणि आठवड्यातून एक जागा अशी असते जिथे अर्धा तास फक्त तुम्ही बोलता आणि मध्ये कोणी बोलू शकत नाही. दुखणं तिथे वाट काढतं. माझं तसंच झालं. शनिवारी रात्री याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय उघडलेला, जिभेबद्दलचा, आणि लिहिताना डोळ्यासमोर आख्खी मंडळी नव्हती, डावीकडचा तिसरा बाक होता, पंख्याखालचा, जिथे एक ज्येष्ठ पंच बसतात. प्रत्येक वाक्य त्यांच्या मापाचं कापलेलं. रविवारी ते मी बोललो, शास्त्राला धरून, एकही शब्द चुकीचा नाही. त्यांनी मध्येच चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि शेवटपर्यंत परत लावला नाही. पुढच्या रविवारी त्यांच्या घरून फक्त बाई आल्या, नातवाला घेऊन.

आणि दारात हात मिळवताना तरुण संघातली मुलं काय म्हणाली, तर पाळकसाहेब, आज बरोबर सुनावलंत. इतके दिवस कोणी पाठीवर हात ठेवलेला नसतो, त्यात हे ऐकलं की बरं वाटतं, खूपच बरं वाटतं. मग पुढच्या शनिवारी उतारा निवडताना मन आपोआप तिकडे वळतं जिथे येशूला विरोध करणारे परूशी आहेत, ताठ मानेचे लोक आहेत, नहेम्याच्या कामात आडवे येणारे सन्बल्लट आणि तोबीया आहेत. आपल्याला वाटतं देव मंडळीसाठी ओझं देतोय. बाहेरून सगळं आध्यात्मिक दिसतं, आवाजात जोर येतो, लोक रडतात पण. संदेशाची क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. मात्र आत काय होतं, तर बायबल तुमच्याशी बोलायचं बंद होतं. कुठलंही वचन वाचलं की ते कोणाला लागू पडतं एवढंच सुचतं, आणि ज्याला लागू पडतं तो कधीही तुम्ही नसता. पाळकाच्या कोरडेपणाचं मूळ मला तरी इथे दिसतं. काम जास्त झालं म्हणून थकवा येतो, तो झोपेने जातो. हा कोरडेपणा झोपेने जात नाही.

म्हणून ओळखायचं कसं ते सांगतो. संदेश लिहिताना एखादा ठरावीक चेहरा दिसतोय का. तो माणूस त्या रविवारी आलाच नाही तर तुमचा हिरमोड होतो का. तो आजारी पडल्याचं कळलं तर पहिल्या क्षणी मनात काय येतं. आणि मंडळीतले तुमच्या बाजूचे कोण नि विरोधातले कोण अशी यादी तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगू शकता का. यातलं एक जरी हो असेल तर तुम्ही त्या वाटेवर आहात, आणि त्यात लाज वाटायचं कारण नाही, पण थांबा. खरंच थांबा. मंडळी दोन तट पडून फुटते ती बहुतेक वेळा सिद्धांतावरून फुटत नाही, अशाच रविवारांवरून फुटते, आणि एकदा फुटली की तुमची बदली झाल्यावरही तिथली माणसं दोन वेगळ्या नाताळच्या पार्ट्या करत राहतात.

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगतो. एक म्हणजे मनात येईल तो उतारा निवडणं बंद केलं. एकतर चर्चच्या वाचनक्रमाप्रमाणे जायचं, नाहीतर बायबलचं एक पुस्तक धरायचं, मार्क म्हणा फिलिप्पै म्हणा, आणि पहिल्या ओवीपासून ओळीने जायचं. उतारा तुमच्या हातात नसला की तो कोणावर फेकता येत नाही. दुसरं, येणाऱ्या रविवारचा उतारा सोमवारी किंवा मंगळवारी एकदा वही-पेन न घेता वाचायचा, मोठ्याने, फक्त स्वतःसाठी, आणि त्यात आपल्याला काय बोचतंय ते कळेपर्यंत संदेशाची टिपणं काढायची नाहीत. पहिले काही आठवडे काहीच बोचत नाही. चालेल, वाचत राहा. तिसरं, राग देवाला सांगायचा, स्पष्ट भाषेत. आपण पाळक लोक प्रार्थनेतही सभ्य बोलतो, प्रभू त्यांना क्षमा कर वगैरे, आणि पोटात आग तशीच. स्तोत्रं १३, ८८, १०९ ही उगाच शास्त्रात नाहीत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते देवाच्या मंदिरात गायलं गेलं. १०९ मधले शाप वाचून दाखवा देवाला, त्या माणसाचं नाव घेऊन वाचा, दार लावून. जे देवासमोर बोलून झालं ते पुलपिटवर यायची निकड कमी होते.

आता संजीवनाच्या इतिहासाबद्दल थोडं, कारण आपल्याकडे तो अर्धाच सांगतात. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे संजीवन झालं ते आपल्या सगळ्या संजीवन सभांत ऐकायला मिळतं. त्याच्या आधी वेल्समध्ये १९०४ ला सुरू झालेल्या संजीवनाच्या बातम्या खासी टेकड्यांत आणि केडगावात पोचल्या होत्या, हेही काही जण सांगतात. पण वेल्समध्ये ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं तो इव्हन रॉबर्ट्स, लहानपणी कोळशाच्या खाणीत काम केलेला, संजीवन सुरू झालं तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा, रात्र रात्र सभा घ्यायचा, जेवणझोपेचं भान नाही, आणि १९०६ ला तो पार कोसळला. शरीराने आणि मनाने. इंग्लंडमध्ये एका कुटुंबाकडे कितीतरी वर्षं राहिला. १९५१ पर्यंत जगला, प्रार्थना करत राहिला, पण तसं काम त्याच्या हातून परत कधी उभं राहिलं नाही. देवाने त्याला टाकलं असं मी अजिबात म्हणत नाही. मला फक्त वाटतं की त्या पोराला कोणीतरी हाताला धरून घरी न्यायला हवं होतं, जेवायला घालून झोपवायला हवं होतं, आणि आजूबाजूच्या हजारोंपैकी कोणाला ते सुचलं नाही कारण सगळ्यांना त्याच्याकडून पुढची सभा हवी होती. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याच्या बाबतीत देवाने तेच केलं की. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय, आणि पुढच्याच अध्यायात झुडपाखाली पडून मरण मागतोय. देवदूताने काही उपदेश केला नाही, भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर, आणि तिथेही एकट्याने ओढू नकोस म्हणून अलीशा हा सोबती जोडून दिला.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ज्याच्या हातात तुमची बदली, पगार किंवा पुढचा अभिषेक आहे त्याच्याकडे मन मोकळं करायचं नाही, तो कितीही प्रेमळ असला तरी. त्याचा आदर करा, अहवाल द्या, प्रार्थनेला बसा, पण जखम दुसरीकडे दाखवा. यूट्यूबवर लाखभर सबस्क्रायबर असलेला पास्टर हाही तुमचा मार्गदर्शक होऊ शकत नाही, त्याला तुमचं नाव माहीत नाही. शक्यतो निवृत्त झालेला पाळक शोधा, दुसऱ्या डायोसिसमधला किंवा दुसऱ्या पंथातला असला तर उत्तमच, ज्याची मुलं मोठी होऊनही चर्चला जातात आणि जो स्वतःच्या मंडळीच्या गोष्टी सांगताना फक्त जिंकलेल्या गोष्टी सांगत नाही. मला असे एक मिळाले. ते फार बोलत नाहीत, अंगणातल्या खुर्चीत बसून ऐकतात, मध्येच विचारतात, झोप लागते का रे, आणि सूनबाई कशी आहे. एकदा मी तासभर त्या पंचांबद्दल बोललो, ते ऐकून म्हणाले, त्यांच्या घरी शेवटचा चहा कधी घेतलास. बस एवढंच. गेलो मी चहाला. लगेच काही गोड झालं नाही, पण बाकावर परत चष्मा लावलेला माणूस दिसायला लागला.

बायकोबद्दल वेगळं लिहायलाच हवं. मंडळी तिला पाळकीणबाई म्हणते आणि तिच्याकडून महिला मंडळ, संडे स्कूल, पाहुण्यांचा चहा सगळं धरून चालते, पगार मात्र एकाचाच. तुमच्यावर झालेली टीका ती तुमच्यापेक्षा जास्त दिवस लक्षात ठेवते, कारण तुम्ही रविवारी बोलून मोकळे होता आणि तिला तीच माणसं हसून वाढायची असतात. मिशनरी विल्यम केरी आपल्याला जवळचा, १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं त्याने, नवा करार मराठीत आणला. त्याची बायको डोरोथी बंगालमध्ये आल्यावर पाच वर्षांचा मुलगा गेला आणि तिचं मन बिघडलं ते १८०७ मध्ये ती जाईपर्यंत सावरलं नाही. केरी शेजारच्या खोलीत भाषांतर करत होता. त्या काळात उपचार नव्हते, त्याला दोष देणं सोपं आहे आणि मी देणार नाही. पण आज तुमच्याकडे उपाय आहेत. तिला तिची एक मैत्रीण असू द्या जी तुमच्या मंडळीतली नाही. आठवड्यात एक संध्याकाळ फोन बंद ठेवा, मयत असेल तर पंच येऊन दार वाजवतील.

शॉर्टकटबद्दल विचारतात म्हणून थोडक्यात: तीन दिवसांच्या सभा, बाहेरचा वक्ता, मोठा मंडप, याने मंडळी नवी होत नाही. सभा घ्या, आनंद आहे, पण वक्ता चौथ्या दिवशी गाडीत बसतो आणि उरलेला हिशेब तुमच्याकडे येतो. एकवीस दिवसांचे उपवास थकलेल्या पाळकाने तर मुळीच सुरू करू नयेत, आधी पोटभर जेवा. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं काढून टाकू नका हो. नवी गाणी घ्या, जरूर घ्या, पण ज्या म्हातारीला टिळकांच्या ओळी पाठ आहेत तिचा विश्वास त्या ओळींतच उभा आहे, आणि खरं सांगतो, माझं तोंड प्रार्थनेला उघडत नव्हतं तेव्हा मलाही त्याच ओळी पुरल्या.

शेवटचं, आणि हे मी प्रत्येकाला सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, ज्या गोष्टींत आनंद वाटायचा त्यात काहीच वाटत नसेल, सगळं संपवावं असे विचार येत असतील, तर ते पाप नाही आणि विश्वासाची कमतरता पण नाही, डॉक्टरकडे जा. प्रार्थना सोडू नका, पण डॉक्टरकडे जा. तालुक्यात ओळखीचे लोक बघतील अशी भीती असेल तर जिल्ह्याला जा. गोळी चालू असताना प्रभुभोजन देता येतं, संदेश देता येतो, बाप्तिस्मा देता येतो, मी तिन्ही केलंय. आणि मरणाचे विचार असतील तर सोमवारची वाट बघू नका, घरात कोणाला तरी आत्ता सांगा. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं, आणि आपण पाळक आहोत हे सांगायची गरज पडत नाही.