ऑटिस्टिक हॅकरला परदेशात खटल्यासाठी पाठवणं न्याय्य आहे का, हे कसं तपासायचं

अशी केस बातम्यांत आली की लगेच दोन तट पडतात, एक म्हणतो केलंय ना मग भोग, दुसरा म्हणतो ऑटिझम आहे बिचाऱ्याला, सोडा. निकालपत्र मात्र कुणीच उघडलेलं नसतं. ब्रिटनच्या कोर्टांचे निकाल नेटवर फुकट वाचायला मिळतात आणि या विषयातल्या गाजलेल्या केसेस बऱ्याचशा ब्रिटनमधल्याच आहेत, तर तिथूनच सुरुवात करा.

सगळ्यात आधी आरोप काय आहे ते नीट वाचा, सहानुभूती नंतर. गॅरी मॅकिनन हा लंडनचा माणूस, म्हणे यूएफओचे पुरावे शोधत होता, आणि घरात बसून २००१-०२ मध्ये अमेरिकी लष्कर आणि नासाच्या ९७ कॉम्प्युटरमध्ये शिरला. कसा, तर रिकामे पासवर्ड शोधणारी स्क्रिप्ट चालवून. म्हणजे लष्कराने दारं उघडीच ठेवली होती. इथपर्यंत वाचून हसू येतं, पण पुढे असंही आहे की ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लगेचच एका नौदल शस्त्रतळावरचं ३०० कॉम्प्युटरचं नेटवर्क बंद पडलं, हा आरोप किरकोळ नाही. त्यामुळे "निरागस पोरगा" वगैरे वाचलं की सावध व्हा, तेव्हा तो पस्तिशीचा होता.

मग बघा, खटला घरी चालू शकतो का? माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. हॅकिंगमध्ये माणूस एका देशात आणि नुकसान दुसऱ्या देशात, दोन्हीकडे गुन्हा लागू शकतो. मॅकिननच्या वेळी हा मुद्दा लढवायला कायद्यात धड जागाच नव्हती, ती २०१३ मध्ये झाली, त्याला तिथे फोरम बार म्हणतात. गुन्ह्याचा मोठा भाग ब्रिटनमध्ये झाला असेल तर न्यायाधीश नुकसान कुठे झालं, पुरावे कुठे आहेत, आरोपीची मुळं कुठे आहेत हे सगळं तोलतो आणि प्रत्यार्पण नाकारू शकतो. लॉरी लव्ह, म्हणजे अमेरिकी सरकारी कॉम्प्युटर हॅक केल्याचा आरोप असलेला दुसरा ब्रिटिश, हा फोरम बार आणि स्वतःची तब्येत अशा दोन्ही मुद्द्यांवर फेब्रुवारी २०१८ मध्ये हायकोर्टात सुटला, खालच्या कोर्टाने तर २०१६ मध्ये पाठवायला हरकत नाही म्हटलं होतं.

आता ऑटिझम. इथे लोक "आहे की नाही" यावर भांडतात, ते सोडा, तो त्या माणसाचं तिथल्या तुरुंगात नेमकं काय करेल ते विचारा. ब्रिटिश प्रत्यार्पण कायद्याचं कलम ९१ असं आहे की आरोपीच्या शारीरिक किंवा मानसिक अवस्थेमुळे पाठवणं अन्यायाचं किंवा जाचक ठरत असेल तर पाठवू नये. लव्हला अ‍ॅस्पर्जर (ऑटिझमचाच एक प्रकार), त्याबरोबर नैराश्य, एक्झिमा, दमा असं सगळं होतं आणि कोर्टाने एक बारीक गोष्ट पकडली, की आत्महत्या करू नये म्हणून त्याला एकटं कोंडून पाळत ठेवली तर त्यानेच तो आणखी खचेल. म्हणजे उपायच अपाय. असं काही निकालात किंवा डॉक्टरच्या रिपोर्टमध्ये सापडलं तर ती बाजू भक्कम समजा, नुसतं "स्पेक्ट्रमवर आहे" एवढंच असेल तर कच्ची.

निदान उशिरा झालं म्हणून नाटक आहे असंही म्हणू नका. मॅकिननचं निदान २००८ मध्ये, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टात, हरल्यानंतर झालं, शंका येणं स्वाभाविक आहे, पण निदान करणाऱ्यांत केंब्रिजचे ऑटिझमतज्ज्ञ सायमन बॅरन-कोहेन होते आणि त्या पिढीत मोठेपणी निदान होणारे ढिगाने आहेत.

सौद्याचे आकडे शोधायला विसरू नका. मॅकिननला सांगितलं गेलं होतं की मुकाट्याने आलास आणि गुन्हा कबूल केलास तर ३७ ते ४६ महिने आणि त्यातली बरीचशी शिक्षा ब्रिटनमध्ये, लढलास तर ८ ते १० वर्षं किंवा जास्तच. लॉर्ड्सना यात वावगं दिसलं नाही. मला दिसतं, कारण गुन्हा तोच असताना फरक एवढा मोठा असेल तर घाबरून कबुली देणारे निघणारच, आणि अनोळखी जागेची ज्याला धडकी भरते त्याच्यावर हा दबाव दुप्पट पडतो.

यानंतर शेजारची केस लावून बघा, मापं लगेच उघडी पडतात. १६ ऑक्टोबर २०१२ ला गृहमंत्री थेरेसा मे यांनी आत्महत्येचा धोका धरून मॅकिननचं प्रत्यार्पण थांबवलं. त्याच महिन्याच्या ५ तारखेला तल्हा अहसानला अमेरिकेला पाठवलं होतं, त्यालाही अ‍ॅस्पर्जर. तो हॅकर नव्हता, एका जिहादी वेबसाइटशी संबंधित दहशतवादाचा आरोप होता, म्हणून केस हुबेहूब एक नाही हे मान्य. पण तो तिथे सुपरमॅक्समध्ये, म्हणजे सगळ्यात कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात, एकांतकोठडीत राहिला आणि २०१४ मध्ये भोगलेली कैद धरून सुटून घरी आला. निदान तेच, मग फरक कशाने पडला हे ज्याचं त्याने ठरवावं.

परदेशी सरकारने दिलेली लेखी हमीही वाचा, त्यावर केस फिरते. आपल्याकडचं उदाहरण आहेच, नीरव मोदीने नैराश्य आणि आत्महत्येचा धोका सांगून याच कलम ९१ वर दाद मागितली होती, पण आर्थर रोडच्या बॅरक नंबर १२ मध्ये उपचार मिळतील या भारताच्या हमीवर हायकोर्टाने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचं अपील फेटाळलं. तिथे टाळ्या वाजवणाऱ्याने लव्हच्या निकालावर नाक मुरडण्याआधी दोन्ही वाचावेत.

आणि पाठवलं नाही, मग पुढे काय झालं हेही बघाच. मॅकिननवर ब्रिटनमध्ये खटला चाललाच नाही, डिसेंबर २०१२ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की पुरावे, साक्षीदार सगळे अमेरिकेत, त्यामुळे पूर्ण आरोपांवर शिक्षा होण्याची शक्यता कमी. दहा वर्षं टांगती तलवार, आई जॅनिस शार्प रस्त्यावर उतरून लढतेय, आणि शेवटी निकाल कसलाच नाही, ना दोषी ना निर्दोष. प्रत्यार्पण थांबवलं ते बरोबरच होतं, पण घरी खटला चालवायची तयारी २००२ मध्येच केली असती तर पुरावे मागवता आले असते, आणि त्या ३०० कॉम्प्युटरचं खरंखोटंही झालं असतं.