ओ-टू लावलं की ओव्हरफ्लोचा चेक गायब, असं सुटलं

जुना सी कोड होता, पॅकेट पार्स करणारा, ओ-झीरोला (ऑप्टिमायझेशन बंद) मस्त चालायचा पण ओ-टू (कोड वेगवान करणारं ऑप्टिमायझेशन) लावलं आणि अवाढव्य लेंग्थ आली की क्रॅश. सगळे म्हणाले जीसीसीचाच, म्हणजे कंपायलरचाच बग. मी ऑब्जडंपने (तयार प्रोग्रॅम उलगडून दाखवणारं टूल) असेम्ब्ली बघितली तर ‘इफ (लेन + १०० < लेन)’ ही तपासणीच तिथे नाही, ना कंपेअर ना जंप! साईन्ड इंटचा ओव्हरफ्लो (आकडा इंटच्या मर्यादेबाहेर जाणं) सी स्टँडर्डमध्ये अनडिफाईन्ड आहे ना, म्हणजे तेव्हा काय व्हावं ते ठरलेलंच नाही, मग कंपायलर धरून चालतो की तो कधी होणारच नाही, म्हणजे ही कंडिशन कायम खोटी, टाकली काढून. २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या टन (TUN, आभासी नेटवर्क) ड्रायव्हरमध्येही असंच झालेलं, पॉइंटर आधी वापरला, नल चेक (पॉइंटर रिकामा आहे का ही तपासणी) नंतर, जीसीसीने चेक उडवला आणि सिक्युरिटी होल तयार.

मी बेरजेच्या आधीच तपासणी टाकली, ‘लेन > इंट_मॅक्स - १००’ (इंट_मॅक्स म्हणजे इंटची कमाल किंमत), क्रॅश बंद. बेरजेतले दोन्ही आकडे व्हेरिएबल असतील तर बिल्टिन ॲड ओव्हरफ्लो (बेरीज करून ओव्हरफ्लो झाला का ते सांगणारं फंक्शन) वापरा, जीसीसी ५ पासून आहे. एफ-रॅपव्ही फ्लॅगनेही (ओव्हरफ्लो झाला की आकडा गुंडाळून फिरवायला कंपायलरला सांगतो) भागतं पण मला ते पटत नाही, कोणी मेकफाईल बदलली की परत तेच. टेस्ट बिल्डला यूबीसॅन (प्रोग्रॅम चालताना असं अनडिफाईन्ड वागणं पकडणारं टूल) मात्र लावाच, लाईन नंबरसकट सांगतो.